डिझेल इंजिन : काडेपेटीच्या कारखान्यापासून विहिरीच्या काठापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाना चालवायचा म्हणजे वाफेचे इंजिन हवे आणि वाफेचे इंजिन म्हणजे बॉयलर, कोळशाची रास, मुबलक पाणी, भट्टीवर राबणारे कामगार आणि उंच धुराडे. एवढा पसारा मांडूनही कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग प्रत्यक्ष कामी येई. लहान इंजिनांत तर त्याहूनही कमी. मोठ्या गिरणीमालकाला ही उधळपट्टी परवडत असे. विणकर, सुतार वा छोटा छापखानदार यांना ती परवडणे शक्य नव्हते. गॅसवर चालणारी इंजिने होती. पण गॅसची नळी जेथवर पोहोचली तेथवरच त्यांचा उपयोग. लहान कारागिराला स्वस्तात यांत्रिक शक्ती मिळावी आणि बड्या कारखान्यांपुढे त्याचा टिकाव लागावा, हे स्वप्न जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल (१८५८-१९१३) याने पाहिले. ते खरे ठरले, पण वेगळ्याच वाटेने आणि त्याच्या पश्चात.

ठिणगीविना ज्वलन

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव. हवा दाबली की तिचे तापमान वाढते. डिझेलच्या इंजिनाचे मर्म यातच आहे. सिलिंडरमधील केवळ हवा दट्ट्याने इतकी दाबायची, की तिचे तापमान इंधनाच्या ज्वलनबिंदूपलीकडे जाईल. त्या क्षणी आत इंधन सोडले, की ते आपोआप पेट घेते. ठिणगीची गरज उरत नाही. दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा मोठा वाटा कामात उतरतो.

कागदावरची ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी ऑग्सबर्ग येथील यंत्रकारखान्यात चार वर्षे प्रयोग चालले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. युरोप-अमेरिकेतील उद्योजकांची परवान्यांसाठी रीघ लागली.

पहिले ग्राहक

१८९८ मध्ये बव्हेरियातील केम्प्टन येथील काडेपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसविण्यात आले. व्यावसायिक वापरातील हे पहिले डिझेल इंजिन. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस येथे अ‍ॅडॉल्फस बुश यांच्या बिअरच्या कारखान्यातही असे इंजिन आले. परंतु प्रयोगशाळेत नीट चालणारे यंत्र ग्राहकाच्या हाती दिवसरात्र चालेलच असे नाही. सुरुवातीची इंजिने वारंवार बंद पडत आणि ती निर्दोष करण्यात ऑग्सबर्गच्या अभियंत्यांची काही वर्षे गेली.

खरी अडचण वेगळीच होती. जाड तेल दाबलेल्या हवेत फवारण्यासाठी त्याहूनही अधिक दाबाच्या हवेचा झोत लागे. त्यासाठी इंजिनाला स्वतंत्र कॉम्प्रेसर जोडावा लागे. त्यामुळे यंत्र अवजड आणि महाग झाले, शिवाय ते सांभाळायला निष्णात माणूस लागू लागला. ज्या छोट्या कारागिरासाठी हा खटाटोप होता, त्याच्या आवाक्यात ते राहिलेच नाही. मोठे कारखाने, वीजकेंद्रे आणि जहाजे हेच त्याचे ग्राहक ठरले.

पाण्यावरचा विजय

रशियात कोळशापेक्षा बाकूचे तेल सोयीचे होते. तेथील नोबेल कंपनीने १९०३ मध्ये ‘वांडाल’ हे तेलवाहू जहाज व्होल्गाच्या जलमार्गावर आणले. तेव्हाची डिझेल इंजिने उलट फिरत नसत, त्यामुळे जहाज मागे कसे न्यायचे, हा पेच होता. त्यावर इंजिनाने वीज निर्माण करायची आणि विजेच्या मोटरीने पंखा फिरवायचा, असा तोडगा निघाला. डिझेल-विद्युत रेल्वेइंजिनांत पुढे हीच युक्ती वापरली गेली.

पाठोपाठ फ्रान्सने पाणबुड्यांत डिझेल इंजिन वापरले. पेट्रोलच्या ज्वालाग्राही वाफा बंदिस्त जागेत प्राणघातक ठरत. डिझेलमध्ये तो धोका बराच कमी होता. १९१२ मध्ये कोपनहेगनमध्ये बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज बँकॉकच्या सफरीवर निघाले. त्याला धुराडेच नव्हते. कोळसा लोटणाऱ्या कामगारांचा ताफा नको, कोळशाच्या कोठारांची जागा मालाला मोकळी आणि इंधनासाठी वाटेत थांबणेही कमी, हे फायदे जहाजमालकांनी तत्काळ हेरले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. त्याचा मृतदेह पुढे समुद्रात आढळला. त्या वेळी तो कर्जात बुडालेला होता.

छोट्यांच्या हाती

कॉम्प्रेसरचे लोढणे सुटले ते नंतर. प्रॉस्पर लोरांज याने १९०९ मध्ये पूर्वज्वलन कक्षाची कल्पना मांडली, १९२० च्या दशकात डिझेलवरील मालमोटारी अवतरल्या आणि १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन फवारणारे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. इंजिन लहान, साधे आणि काटक झाले. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे मंदगती इंजिन याच सुमारास आले आणि भारतातही पोहोचले.

महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. बैलांच्या मोटेची जागा गावोगाव इंजिनाने घेतली. पिठाच्या गिरण्या आणि उसाची गुऱ्हाळे त्यावर चालू लागली. जेथे विजेची तार पोहोचली नव्हती, तेथे पाणी उपसणे आणि दळण दळणे त्यामुळे शक्य झाले.

धूर आणि काजळी ही या यंत्राची दुसरी बाजू आता सर्वज्ञात आहे, आणि त्याला पर्यायही शोधले जात आहेत. मात्र त्याच्या पूर्वेतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : यंत्र सामान्य माणसाच्या उपयोगी पडायला केवळ त्याची कार्यक्षमता पुरत नाही; ते विकत घेण्याजोगे आणि गावातल्या गावात दुरुस्त होण्याजोगेही असावे लागते. डिझेलचे इंजिन या कसोटीला उतरायला तीस वर्षे लागली.