नियम 48 आणि एक मिनिट

आमच्या लाइनीत विद्युत पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राला अजूनही ‘पीडब्ल्यूडीचं लायसन’ म्हणतात. विद्युत निरीक्षकांचं खातं ऊर्जा विभागाकडे गेलं त्याला बराच काळ लोटला, प्रमाणपत्रावरचं नावही भारदस्त आहे. पण सातपूरच्या चहाच्या टपरीवर विचारणारा विचारतो ते एवढंच, ‘‘पीडब्ल्यूडी निघालं का?’’ माझं दुसऱ्या फेरीत निघालं, 1995 साली. तेव्हापासून आजवर या परीक्षेला बसणारी निदान पंधरा-वीस पोरं माझ्याकडे वह्या घेऊन येऊन गेली. त्यामुळे हा मागोवा एकट्या माझा नाही.

आमची तयारी म्हणजे पाठांतर. थेराजाचं जाडजूड पुस्तक आणि भारतीय विद्युत नियम 1956 ची खिशात मावणारी पुस्तिका. रात्रपाळीत पॅनल रूमच्या उजेडात ती पुस्तिका मी इतकी घोकली, की आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन: 45 कंत्राटदार आणि पर्यवेक्षकाचा, 61 अर्थिंगचा, मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ. 77 तारांच्या उंचीचा. रस्ता ओलांडणारी तार लघुदाबाची असेल तर 5.8 मीटर, उच्चदाबाची असेल तर 6.1. लुनावर मागे बसलेला मित्र खांब दाखवायचा आणि मी चालवता चालवता आकडा ओरडायचो. अर्थिंगची प्लेट 60 बाय 60 सेंटिमीटर, तांब्याची 3.15 मिलिमीटर जाड, जीआयची 6.3. खड्डा मात्र तोवर स्वतः एकही भरला नव्हता.

लेखी पेपर सहज गेला. तोंडीला परीक्षकांनी टेबलावर इन्सुलेशन तपासायचा, हाताने फिरवायचा मेगर ठेवला आणि नियम 48 विचारला. मी धडाधड म्हणून दाखवला: 500 व्होल्टचा दाब, एक मिनिट, इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान 1 मेगओहम.

‘‘एक मिनिटच का? पाच सेकंदांत आकडा दिसतो की.’’

‘‘नियमात तसं आहे, साहेब.’’

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या उमेदवाराला बोलावलं. मी नापास.

उत्तर मिळालं कंपनीच्या यार्डात. आमच्या फोरमनसाहेबांना मी रडगाणं ऐकवलं, तर त्यांनी केबलच्या ड्रमपाशी नेऊन मेगर माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘फिरव. बोलू नको, काटा बघ.’’ काटा आधी शून्याकडे पडला. मला वाटलं केबल गेली. मग तो हळूहळू चढू लागला. हँडलचा वेग मिनिटाला 160 फेऱ्यांच्या आसपास गेला की आतला क्लच घसरतो आणि दाब एकसारखा राहतो, हे हाताला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लांब केबल म्हणजे एक मोठा कपॅसिटर. आधी ती चार्ज होते, मग इन्सुलेशन थोडा थोडा करंट शोषत राहतं, आणि हे सगळं ओसरल्यावर जो उरतो तो खरा गळणारा करंट. पाच सेकंदांचा आकडा यातलं काहीच वेगळं करू शकत नाही. ओल धरलेल्या मोटारीचा काटा चढतच नाही, आहे तिथे रेंगाळतो. म्हणून मोठ्या यंत्रांना दहा मिनिटं मेगर लावून दहाव्या आणि पहिल्या मिनिटाचं गुणोत्तर काढतात. हे सगळं थेराजाच्या पानावर मी वाचलं असेलही. मग मेगर काढून मी केबलची टोकं तशीच हातात धरली आणि सणसणीत झटका खाल्ला. फोरमनसाहेब म्हणाले, ‘‘आता डिस्चार्ज करायला विसरणार नाहीस.’’ नाही विसरलो.

पुढे सगळंच बदललं. 2003 चा वीज कायदा आला, 2005 मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, आणि 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम येऊन 1956 ची पुस्तिका रद्दीत गेली. माझा 45 झाला 29, 61 झाला 41, 77 झाला 58. आता 2023 च्या नव्या विनियमांनी तेही क्रमांक जुने केले. हल्लीची पोरं मोबाइलवर पीडीएफ वाचतात, यूट्यूबवर प्रश्नसंच सोडवतात. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. अर्थ लीकेज ब्रेकरची त्यांची समज त्या वयातल्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. फक्त त्यांचा मेगर बटणाचा आहे. आकडा उमटला की ते लिहून मोकळे होतात. मी त्यांना बोट दाबून ठेवायला लावतो आणि घड्याळ बघतो. पोरं वैतागतात.

वैतागाचं खरं कारण परीक्षेनंतर समोर येतं. नवीन वीजजोडणीला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यातला इन्सुलेशनचा रकाना कित्येकदा दुकानात बसूनच भरला जातो: ‘इन्फिनिटी’. अर्थ: 1 ओहम. भर पावसाळ्यात, ओल्या प्लास्टरच्या भिंतीत! वायरिंगचा जुना ठोकताळा आहे, 50 भागिले पॉइंटांची संख्या. वीस पॉइंटांच्या घराला अडीच मेगओहमसुद्धा चालतो. इन्फिनिटी कोणी मागितलेलीच नाही. पण खरा आकडा लिहायचा तर शिडी, मेगर आणि माणूस जागेवर न्यावा लागतो. लायसन हातात आल्यावर पहिल्याच वर्षी मीही अशा दोन-तीन कागदांवर सही केली आहे. ती घरं कुठली, हे मला पक्कं आठवतं.

तेव्हा घराचं वायरिंग करून घ्याल, तर टेस्ट रिपोर्ट घेण्याआधी आपल्या वायरमनला एवढंच म्हणा, ‘‘भाऊ, माझ्यासमोर मेगर लाव.’’ आणि मिनिटभर तिथेच उभे राहा.