लस क्षयाची, पहारा कुष्ठरोगावर

1968 साली मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात बीसीजी लशीची एक अवाढव्य चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक माणसं. काहींना लस, काहींना लशीसारखं दिसणारं नुसतं द्रावण, आणि मग वर्षानुवर्षं घरोघर फिरून कुणाला क्षय होतो याची नोंद. 1979 साली पहिला अहवाल आला आणि तो वाचून जगभरचे क्षयतज्ज्ञ हबकले. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीनं तिथे काहीच संरक्षण दिलं नव्हतं.

मात्र त्या जिल्ह्यात कुष्ठरोगही फार होता, आणि त्याचीही मोजदाद झाली. लस घेतलेल्यांमध्ये कुष्ठरोगाचे नवे रुग्ण साधारण एक चतुर्थांशानं कमी निघाले. लस टोचली होती क्षयासाठी, आणि गुण आला तो भलत्याच रोगावर! ही काही एकट्या चिंगलपुटची तऱ्हा नव्हती. आफ्रिकेत, मलावीच्या करोंगा जिल्ह्यात बीसीजीमुळे कुष्ठरोगाचा धोका निम्मा झाला. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत लशीचा दुसरा डोस दिल्यावर तो आणखी निम्म्यानं उतरला. क्षयावर मात्र दोन्ही वेळा परिणाम शून्य.

हे कसं घडतं, याचा पहिला धागा प्रयोगशाळेतल्या साध्या काचपट्टीवर दिसतो. कुष्ठरुग्णाच्या कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन तिथला द्राव पट्टीवर पसरतात, त्यावर लालभडक कार्बोल फुक्सिन ओतून खालून आच देतात, मग आम्लानं धुतात आणि शेवटी निळा रंग चढवतात. बाकी सगळ्याचा लाल रंग आम्लात निघून जातो. भिंगाखाली निळ्या पार्श्वभूमीवर उरतात त्या बारीक लाल काड्या, कधी सुट्या, कधी मोळी बांधल्यासारख्या. क्षयरुग्णाची थुंकी अशीच रंगवली, तर तिथेही लाल काड्याच उरतात; फक्त तिथे आम्ल अधिक तीव्र वापरता येतं. रंग सुटत नाही, कारण या जंतूंच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. हे मायकोबॅक्टेरियांचं कुळलक्षण. क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा जंतू हे त्या कुळातले बदनाम सदस्य. बाकीचे शेकडो जंतू मातीत, तळ्यात, नळाच्या पाण्यात निमूट राहतात.

आणि बीसीजी? माणसाला होणारा क्षय मुख्यतः ज्या जंतूमुळे होतो, त्याच्यापासून ही लस बनलेलीच नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी फ्रान्समधल्या लील शहरात 1908 साली काम सुरू केलं ते गाईच्या क्षयाच्या जंतूवर. जंतूंचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून ते त्याला बैलाच्या पित्तात आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवत. दर तीनेक आठवड्यांनी नवी फोड. पहिल्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी फोडी बदलणं थांबलं नाही. तेरा वर्षांत 230 वेळा हे झालं, आणि जंतू जिवंत राहूनही रोग देण्याची ताकद गमावून बसला. 1921 साली पॅरिसमध्ये ही लस एका तान्ह्या बाळाला तोंडावाटे दिली गेली. बाळाची आई क्षयानं दगावली होती. म्हणजे एका भावंडाची ओळख करून देऊन दुसऱ्यापासून वाचवायचं, हे या लशीत मुळापासूनच होतं.

ही ओळख पटते ती प्रथिनांवरून. या कुळातले जंतू आपली भिंत बांधण्यासाठी अँटिजेन 85 नावाच्या गटातली प्रथिनं बाहेर सोडतात. बीसीजीत ती आहेत, क्षयाच्या जंतूत आहेत आणि कुष्ठरोगाच्या जंतूतही त्यांच्याशी अगदी मिळतीजुळती आहेत. एकदा ती ओळखायला शिकलेल्या रोगप्रतिकारक टी पेशी पुढे कुळातला दुसरा कुणी आला तरी सावध होतात.

मग हा गुण सगळीकडे सारखा यायला हवा. तसा तो येत नाही. युगांडात कुष्ठरुग्णांच्या संपर्कातल्या मुलांमध्ये संरक्षण सुमारे 80 टक्के आढळलं, ब्रह्मदेशात जेमतेम 20, पापुआ न्यू गिनीत 48 च्या आसपास. याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण पुन्हा मातीतल्या त्या निमूट नातेवाइकांकडे बोट दाखवतं. उष्ण, दमट प्रदेशात माणसाला लहानपणापासून त्यांचा सहवास घडतो. शरीर आधीच थोडंफार शिकलेलं असतं, त्यामुळे लशीला नवं शिकवायला फारसं उरत नाही. नवजात बाळाची पाटी मात्र कोरी असते. मेंदूज्वराच्या रूपातल्या आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून बीसीजी लहान मुलांना चांगलं वाचवते, आणि आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टोचतात ती त्यासाठीच.

या नात्याचा उपयोग उलट दिशेनंही झाला, आणि तो मुंबईत झाला याचा मला मनापासून अभिमान वाटतो. कुष्ठरोगाचा जंतू आजही प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. तो हवा तर आर्माडिलोसारख्या प्राण्याच्या शरीरात वाढवावा लागतो. 1950 च्या दशकात परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा केला, आणि तो बशीत वाढला. संस्थेच्या नावावरून तो आयसीआरसी म्हणून ओळखला जातो. पुढे कळलं की तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच कुळातला, मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गटातला आहे. तरीही डॉ. एम. जी. देव आणि बापट यांनी त्यापासून कुष्ठरोगाची लस केली. 1998 साली चिंगलपुट भागातल्याच 1,71,400 लोकांवरच्या चाचणीचे आकडे आले. एकट्या बीसीजीचं संरक्षण 34.1 टक्के, बीसीजीच्या जोडीला आर्माडिलोत वाढवून मारलेले कुष्ठजंतू दिले तर 64, आणि परळच्या या नातेवाइकाचं 65.5.

आफ्रिकेतल्या बुरुली व्रणाला, म्हणजे याच कुळातल्या एका जंतूमुळे कातडी खात जाणाऱ्या न दुखणाऱ्या जखमेलाही बीसीजी थोडी अडवते. युगांडातल्या चाचण्यांत ते संरक्षण निम्म्याच्या आसपास होतं, पण काही महिन्यांतच ओसरलं.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र स्वीडनमधून आला, आणि तोही न ठरवता. क्षय फारसा उरला नाही आणि लशीमुळे क्वचित हाडाला संसर्ग होतो, म्हणून तिथे 1975 साली सरसकट बीसीजी थांबवली. त्यानंतर लहान मुलांच्या मानेत गाठी येऊ लागल्या. दुखत नाहीत, पण वरची कातडी हळूहळू जांभळी पडते आणि कधी फुटून वाहू लागते. नेहमीच्या औषधांना ही गाठ फारशी दाद देत नाही. बहुतेकदा कापूनच काढावी लागते. कारण निघालं मायकोबॅक्टेरियम एव्हियम, पाण्यामातीतला तोच निरुपद्रवी समजला जाणारा भाऊबंद. लस न घेतलेल्या मुलांत हे संसर्ग घेतलेल्यांच्या जवळजवळ सहापट होते. फिनलंडनं 2006 साली सरसकट लसीकरण थांबवलं, तेव्हा तिथेही हेच दिसलं. स्वीडनमध्ये लस बंद करताना हिशेब फक्त क्षयाचा आणि लशीच्या धोक्याचा झाला होता. या मुलांची गणती त्यात कुणी केली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या भूमिकापत्रात मात्र हिशेब बदललेला दिसतो. क्षयाचं प्रमाण जास्त असेल किंवा कुष्ठरोगाचा भार जास्त असेल, तर प्रत्येक निरोगी नवजात बाळाला बीसीजीचा एक डोस द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, त्यामुळे आपल्या बाळांना यातली दोन्ही कारणं लागू पडतात.