वळणावरचा स्वार पडत का नाही?

परदेशांतील मोटरसायकल शर्यती दूरचित्रवाणीवरच पाहणाऱ्या भारतीय शौकिनांना सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथे मोटोजीपी शर्यत प्रत्यक्ष पाहता आली. वळणावर स्वारांचे गुडघे जमिनीला टेकतात. तरी ते पडत का नाहीत?

वळताना वाहनाला वर्तुळाच्या केंद्राकडे नेणारे बल लागते. ते टायर व रस्ता यांतील घर्षणातून मिळते. मात्र ते चाकांच्या तळाशी लागत असल्याने गाडी बाहेरच्या बाजूस उलटू पाहते. स्वार आत झुकला, की वजनामुळे तोल साधतो. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगाला सुमारे ४५ अंश झुकावे लागते आणि घर्षणबल जवळजवळ वजनाइतके लागते. वेग दुप्पट, तर बल चौपट!

ओल्या रस्त्यावर एवढे घर्षण मिळत नाही, चाक घसरते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वळणाआधीच वेग कमी करावा.