वहीत नाव कुणाचं?

कोसॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येते. पण मित्रहो, हा इतिहास समजून घ्यायचा तर आधी एक वही बघायला हवी.

सतराव्या शतकात युक्रेनचा मोठा भाग पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात होता. राजाच्या चाकरीतल्या कोसॅकांची नोंद ठेवली जाई. ज्याचं नाव वहीत, तो मोकळा. बाकीच्यांच्या नशिबी जमीनदाराची वेठ! १६३८ मध्ये ही नोंद ६,००० वर आणली गेली.

१६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्कीनं क्रिमियाच्या तातारांना सोबत घेऊन बंड केलं. वेठीला विटलेले शेतकरी त्याला येऊन मिळाले. जमीनदारांचे वाडे जळाले. हजारो ज्यूंची कत्तलही झाली. त्यांतले काही जण जमीनदारांची वसुली बघत, पण मारले गेले ते सरसकट. हे पान गाळून चालणार नाही.

पुढच्याच वर्षी झ्बोरिव्हचा तह झाला. नोंद ४०,००० वर गेली. आता विचारा, लढलेल्या बाकीच्या शेतकऱ्यांचं काय? त्यांनी परत मालकाकडे जायचं! १६५१ मध्ये बेरेस्तेच्कोला पराभव झाला आणि आकडा २०,००० वर आला.

म्हणजे बघा, बंड सगळ्यांचं, तह मात्र वहीतल्यांचा. पुढे कोसॅक सरदारच जमीनदार झाले. १७८३ मध्ये कॅथरीन राणीनं नीपर नदीच्या पूर्वेकडचा शेतकरी जमिनीला कायमचा बांधून टाकला. त्याचं नाव कुठल्याच वहीत आलं नाही.