विमानप्रवासातील आसननिश्चिती : संख्या आणि स्थान

‘जागा मिळाली’ हे वाक्य मराठीत दोन अर्थांनी वापरले जाते. वाहनात एका माणसापुरता वाव आहे, हा एक अर्थ. आणि अमुक खिडकीजवळचे आसन आपले ठरले, हा दुसरा. नांदेड जिल्ह्यातील नायगावहून एस.टी.चे आरक्षण करणाऱ्याला हे अर्थ वेगळे करण्याची गरज भासत नाही. कारण आरक्षणाबरोबरच आसनक्रमांक त्याच्या हाती पडतो. नांदेडच्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला मात्र ती भासते. विमानकंपनी संख्येचा आणि स्थानाचा व्यवहार वेगवेगळा करते, आणि दोहोंचे नियमही भिन्न आहेत.

प्रथम संख्येचा विचार करू. नांदेड–हैदराबाद हा ‘उडान’ योजनेच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक होय. २७ एप्रिल २०१७ रोजी त्यावर ट्रूजेट कंपनीची सेवा सुरू झाली. २०२२ मध्ये ही कंपनी बंद पडली. योजनेनुसार विमानातील सुमारे निम्म्या, परंतु किमान ९ व कमाल ४० जागा सवलतीच्या भाड्याने द्यावयाच्या होत्या, आणि सुमारे एका तासाच्या प्रवासास आरंभी २,५०० रुपयांची मर्यादा होती. ही विभागणी भाड्याची होती. सवलतीचा प्रवासी खिडकीशी बसेल की मार्गिकेशी, हे तिने ठरविले नव्हते.

स्थानाचा प्रश्न पहिल्याने विमानाच्या तोलाशी निगडित आहे. ट्रूजेटच्या एटीआर ७२ विमानात प्रवासी मागील दाराने चढतात व सामानाचा मोठा कप्पा पुढे असतो. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली. तिच्या एम्ब्रेयर १७५ विमानात ७६ आसने असून त्यांपैकी १२ वरच्या वर्गाची आहेत. विमान जितके लहान, तितका थोड्या प्रवाशांच्या स्थानबदलाचा गुरुत्वमध्यावर होणारा परिणाम अधिक. यास्तव विमान अर्धे रिकामे असले, तरी कर्मचाऱ्यांना न विचारता आसन बदलणे योग्य नव्हे. संकटकालीन दाराजवळची आसनेही सर्वांस देता येत नाहीत. तेथे दार उघडण्यास समर्थ आणि तयार असलेलाच प्रवासी बसवावा लागतो.

यापुढे प्रश्न मूल्याचा येतो. २०१३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पसंतीच्या आसनासाठी वेगळे शुल्क घेण्यास, ते ऐच्छिक राहील या अटीवर, अनुमती दिली. ज्याने शुल्क भरले नाही त्याला आसन मिळतेच. परंतु ते उड्डाणापूर्वीच्या नोंदणीच्या वेळी, उरलेल्यांतून. परिणामी एकाच कुटुंबातील माणसे विखुरली जाऊ लागली. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने निर्देश दिला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच तिकीट-नोंदीतील निदान एका पालकाजवळ बसवावे. ‘त्याच तिकीट-नोंदीतील’ ही अट महत्त्वाची आहे. आईवडिलांनी व मुलांनी वेगवेगळी तिकिटे काढल्यास या संरक्षणाचा आधार डळमळतो. शिवाय प्रथमच विमानात बसणारी वृद्ध आई आणि तिला सांभाळणारा मुलगा यांच्याविषयी हा निर्देश मौन बाळगतो. त्यांनी एकत्र तिकीट काढावे व नोंदणी खुली होताच ती करावी, एवढाच विनाशुल्क उपाय उरतो.

संख्येचा हक्क याहून दृढ आहे. काही प्रवासी येणार नाहीत या अंदाजाने कंपन्या कधी आसनांहून अधिक तिकिटे विकतात. अंदाज चुकला तर कोणाला तरी मागे राहावे लागते. २०१० मध्ये केलेल्या व २०१६ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार कंपनीने प्रथम स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधले पाहिजेत. निश्चित तिकीट घेऊन वेळेवर आलेल्यास नाकारल्यास, मूळ वेळेपासून एका तासाच्या आत पर्यायी उड्डाण दिले तरच भरपाई टळते. पर्यायी उड्डाण २४ तासांच्या आत असल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन-आकार यांच्या बाबतीत ठरविलेली दुप्पट रक्कम, कमाल १०,००० रुपये, आणि त्यानंतरचे असल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये, द्यावी लागते. जेथे उड्डाणे मोजकी आहेत, अशा नांदेडसारख्या ठिकाणी तासाभरात दुसरे विमान मिळणे दुर्घट; म्हणून तेथील प्रवाशाला हा नियम विशेष उपयोगाचा आहे.

तात्पर्य, संख्येला शासनाने अनुदान व भरपाई असा दुहेरी आधार दिला; स्थान मात्र, सुरक्षिततेचे नियम व बालकांविषयीचा निर्देश वगळता, बहुतांशी बाजारावर सोपविले. सवलतीच्या भाड्याने ज्यांना विमानाचे दार खुले करावयाचे, ते बहुधा नवखे असतात, आणि सोबतीच्या शेजारी बसण्याची निकड त्यांनाच अधिक असते. शुल्क भरण्याची ऐपतही त्यांचीच कमी. प्रादेशिक विमानसेवेचे मूल्यमापन केवळ भरलेल्या आसनांच्या गणतीवर करणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून ही अडचण सुटण्याचा संभव आहे. कारण गणतीच्या वहीत दूरदूर बसलेले मायलेक दोन भरलेली आसने म्हणूनच नोंदले जातात.