डब्यातली तांबडी भाजी

दोन वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास रक्त तपासून घेतले, तेव्हा माझे हिमोग्लोबिन ८.६ निघाले. बाईमाणसाचे ते निदान १२ तरी असावे लागते. चढण चढताना लागणारी धाप, संध्याकाळी भरून येणाऱ्या पोटऱ्या हे सगळे मी तोवर वयाच्या खात्यावर टाकत आले होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "पालेभाजी आठवड्यातून कितीदा होते?" मी बोटे मोजायला घेतली आणि एका बोटावरच थांबले.

यात मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एक!

आमच्या मिठबावात मासळीचा तोटा नाही. पालेभाजी मात्र बहुतेक घाटावरून येते आणि जुडी हातात पडेपर्यंत पानांनी मान टाकलेली असते. शिळ्या पाल्यातले लोह कुठे पळून जात नाही, हे खरे. पण क जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होत जातात, आणि पाल्यातले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाचीच मदत लागते. शिवाय कोमेजलेली जुडी घ्यावीशीच वाटत नाही, हे सर्वांत मोठे नुकसान.

मग घरीच का लावू नये? पण भातकापणी झाली की गुरे मोकाट सुटतात, आणि त्यांच्यातून वाचले ते वानरांचे. म्हणून मी परसाचा नाद सोडला आणि तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, एक फुटकी बादली, मासळीचा थर्माकोलचा जुना खोका असे सगळे खळ्यात मांडले. शेजारच्या काकी बघतच राहिल्या. "ह्या काय मांडलंस गे? गावात माती कमी आसा काय, डब्यात भरूक?"

थंड देशांतही हिवाळ्यात असे डबे पेरून उघड्यावर बर्फात ठेवतात. तिकडच्या काही बियांना थंडीचा तडाखा बसल्याशिवाय जागच येत नाही. आपल्या माठ-मेथीला त्याची गरज नाही. आपल्या थंडीचा उपयोग वेगळा. पावसाची झोड थांबलेली असते, त्यामुळे कोवळे रोप कुजत नाही. आणि ऊन सौम्य असल्याने मेथी, पालक, कोथिंबीर लवकर फुलावर जात नाहीत. दिवाळी ते संक्रांत हा पेरणीचा काळ.

माझी पहिली पेरणी साफ फसली. खोक्याला भोके पाडली नव्हती, मासळीचे मीठ नीट धुतले नव्हते, आणि पाणी घातले ते आमच्या मचूळ विहिरीचे. (गावाच्या नावातच मीठ आणि बाव दोन्ही आहेत, मग तक्रार कोणाकडे करणार?) आठ दिवसांत मातीवर पांढरा थर आला आणि रोपांची टोके करपली. दुसऱ्या वेळी तळाला बोटाएवढी भोके पाडली, खाली खापऱ्या, वर माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत घातले. ताजे शेण पालेभाजीला नकोच; त्यातून पोटाचे विकार होतात. पाणी वरच्या वाडीतून आणले.

माठाचे बी बारीक, म्हणून ते वाळूत मिसळून टाकले. मुंग्या ते उचलून नेतात, त्यासाठी कडेने राख भुरभुरली. धणे रगडून दोन फाका केल्या. वानरांसाठी वर जुने मासेमारीचे जाळे ताणले. मेथी चौथ्या दिवशी वर आली आणि तीन आठवड्यांत काढली. माठाला महिना लागला. दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरला की ताटात खंड पडत नाही. मेथी-धणे स्वयंपाकघरातले चालतात. दुकानातले रंगीत बी मात्र औषध लावलेले असते. ते पेरल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले कधीही खाण्यात जाऊ देऊ नये.

आता महत्त्वाचे. आपल्या देवगड तालुक्यात थंडीतच हापूस मोहोरतो आणि त्याच दिवसांत फवारण्या सुरू होतात. बागेतले रिकामे डबे चांगले जाड असतात, मोह होतो. मीही एक निळा डबा धुऊन आणला होता. आमच्या ह्यांनी तो तसाच बाहेर काढला, आणि बरोबरच केले. आपण त्याला 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे, आणि असा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या कामाचा नाही. पुढे एका सकाळी शेजारच्या बागेत पंप सुरू झाला, वारा नेमका आमच्याकडे. काढणीला आलेली मेथी मी उपटून खड्ड्यात पुरली. जीव हळहळला, पण कोणते औषध, किती दिवस थांबायचे, काहीच ठाऊक नव्हते. त्यानंतर शेजाऱ्यांना सांगून ठेवले. ते आदल्या दिवशी निरोप देतात आणि आम्ही डबे उचलून पडवीच्या आत घेतो. जमिनीतल्या वाफ्याला हे जमले नसते.

डब्याखाली ताटली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

भाजी धुवावी चिरण्याआधी, शिजवावी थोड्या पाण्यात, आणि ते पाणी फेकू नये. वर लिंबू पिळावे. बांगड्याच्या तिखल्याबरोबर तांबडी भाजी खाल्ली तर आणखी बरे, कारण मासळीमुळेही पाल्यातले लोह चांगले शोषले जाते. जेवणावर लगेच चहा मात्र नको; तासभर तरी थांबावे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक-माठ किती खावा, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

मार्चमध्ये पुन्हा तपासले, ११.२ आले. डॉक्टर म्हणाले, हे मुख्यतः गोळ्यांचे काम. मलाही ते मान्य आहे. त्यांनी गोळ्या बंद करू दिल्या नाहीत. साठा भरायला आणखी तीन महिने लागतील म्हणाले. भाजीने काय केले? आठवड्यातून एकदाची भाजी पाच वेळा झाली, आणि धाकटी नात ती स्वतः खुडते म्हणून खाते.

यंदा बादलीतली माठाची दोन रोपे काढलेली नाहीत. त्यांना तुरे आले आहेत, बी धरायचे आहे. काकींनी त्यातले मूठभर आधीच सांगून ठेवले आहे, आणि परवा तेलाचा एक रिकामा डबाही मागून नेला.