पुणे-दिल्ली विमान आणि आपली मळी



गटात फिरताना एक प्रश्न हमखास येतो. साखरेच्या कामाला कुणी दिल्लीला गेले की मंडळी विचारतात, "साहेब, पुणं ते दिल्ली इमानाला किती लागतं?" उत्तर दोन ओळींचे आहे, पण त्यात आपल्या मळीचाही संबंध आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

लोहगावपासून दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ सरळ रेषेत सुमारे १,१५५ कि.मी. भरतो. रेल्वेने हेच अंतर पंधराशेच्या वर जाते. बांधाबांधाने गेले तर लांब, रानातून आडवे गेले तर जवळ, तसेच हे. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या पुढे धावते. म्हणजे दीड तासात पोचायला हवे. वेळापत्रकात मात्र दोन-सव्वादोन तास लिहितात. धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे यांत वेळ जातो. शिवाय दिल्लीवर गर्दी असली की आभाळातच घिरट्या. आपल्या गव्हाणीपुढे उसाच्या गाड्या तटतात, त्यातलाच प्रकार! लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे, तेव्हा त्यांची सोयही पाहावी लागते.

आता मळीचे. १९ मे २०२३ रोजी याच मार्गावर त्या वेळच्या एअर एशिया इंडियाचे प्रवासी विमान देशी जैवइंधन मिसळून दिल्लीला गेले. इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनवले होते, पुरवठा इंडियन ऑईलचा. मिश्रण १ टक्क्यापर्यंतच होते. नुसते अल्कोहोल विमानाला चालत नाही, कारण वजनाच्या मानाने त्यात ताकद कमी. त्यातले पाणी काढून, रेणू जोडून त्याचे रॉकेलसारखे इंधन करावे लागते. एक लिटर इंधनाला दीड लिटरहून जास्त अल्कोहोल जाते.

आम्ही ढोबळ हिशेब करून पाहिला. अशा एका फेरीला पाच-सहा हजार लिटर इंधन लागते. त्याचा १ टक्का पन्नास-साठ लिटर. त्याला शंभरेक लिटर अल्कोहोल, म्हणजे चार क्विंटल मळी. एवढी मळी दहा टन उसातून पडते. पाच-सहा बैलगाड्या समजा. आणि त्या उसाची साखर निघतेच, ती वेगळी.

मग मळीचा भाव वाढणार का? एवढ्यात नाही, असे आमचे मत आहे. हे इंधन साध्या विमान-इंधनापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि अल्कोहोलला पेट्रोलमध्ये गिऱ्हाईक आहेच. त्या भरवशावर कुणी लागण वाढवू नये. पण सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. वार्षिक सभेत डिस्टिलरीचा विषय निघेल, तेव्हा हे आकडे हाताशी असू द्यावेत.